लिलि'उओकलानी म्हणजे ‘स्वर्गातली लिली’ नव्हे

हवाईच्या शेवटच्या राणीबद्दल एक मजकूर खूप फिरतोय: ‘लिलिउओकलानी म्हणजे स्वर्गातली लिली. राजकन्या म्हणून हे नाव तिला जन्मतःच मिळालं. “लानी”ने संपणारं प्रत्येक नाव राजघराण्याचं असतं.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी लिली. हवाईयन भाषेत त्या फुलाला ‘लीलिया’ म्हणतात, पहिली ‘ली’ दीर्घ. राणीच्या नावातल्या दोन्ही ‘लि’ ऱ्हस्व आहेत आणि पुढच्या ‘उ’च्या आधी ओकिना आहे. ओकिना म्हणजे घसा क्षणभर बंद करून उच्चारायचं व्यंजन. रोमन लिपीत ते उलट्या स्वल्पविरामासारखं दिसतं, म्हणून टाइप करताना गाळलं जातं आणि पुढे सरळ ‘लिली’ वाचलं जातं. खरं तर ‘लिलि'उ’ म्हणजे झोंबणं, चुरचुरणं.

त्यामागे कारण आहे. २ सप्टेंबर १८३८ ला ही मुलगी जन्मली, तेव्हा राज्याच्या कुहिना नुई, म्हणजे राजाच्या खालोखाल अधिकार असलेल्या किना'उ यांचे डोळे दुखत होते. त्यांनी ठेवलेलं नाव होतं लिलि'उ लोलोकु वालानिया कामाका'एहा: झोंबणं, आसवं, आग, दुखरे डोळे. आपल्याकडच्या दगडू-धोंडूसारखं दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं हे नाव नाही. घडलेला प्रसंग नावात जपायची ती रीत होती, आणि ‘लिली’ म्हटलं की नेमकी तीच पुसली जाते.

जन्मनावात ‘ओकलानी’ नव्हतंच. १८७७ मध्ये तिला वारस ठरवताना भाऊ राजा कालाकाउआ याने ते जोडलं. ‘ओ’ म्हणजे चा-ची-चे, ‘क’ हे निश्चितता दाखवणारं उपपद, ‘लानी’ म्हणजे आकाश आणि उच्चकुलीन व्यक्तीही. तोडून म्हणायचं तर लि-लि-'उ-ओ-क-ला-नि.

‘लानी’बद्दलच्या दाव्यात थोडं तथ्य आहे: जुन्या काळी असं नाव सरदार घराण्यांकडेच असे. पण १८६० च्या कायद्याने वडिलांचं नाव आडनाव झालं, मुलांना ख्रिस्ती नाव सक्तीचं झालं आणि हवाईयन नाव बहुतेकदा मधल्या जागी गेलं. तो कायदा १९६७ मध्ये रद्द झाला. आज कुणीही मुलीचं नाव लेइलानी ठेवू शकतं. राणीचं कुळ ठरलं ते कापा'आकेआ आणि केओहोकालोले या आईवडिलांच्या मो'ओकू'आउहाउवरून, म्हणजे वंशावळीवरून.