मामा, माळ्यावर गाळ होता ना?

गुरुवारी मामांनी थेरपीला दांडी मारली. कारण काय, तर तालमीच्या ग्रुपवर आलेला ‘सीबीटीचं सत्य’ नावाचा मेसेज. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वर्तन तपासून बदलायची उपचारपद्धत; मामांची थेरपी तीच. पाच मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले. चार-पाच महिने मिनतवाऱ्या करून ज्यांना त्या खुर्चीत बसवलं, ते एका फॉरवर्डनं उठले. म्हणून हे लिहितोय.

मुद्दा पहिला : ‘सीबीटीत तुमच्या आयुष्याची खोटी, गोड गोष्ट रचून तुमच्याच गळी उतरवतात.’

मामांचं कोल्हापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत किराणा दुकान. २०१९ च्या पुरात सगळा माल गेला. तेव्हापासून एकच पाढा : ‘रात्रीच माल माळ्यावर टाकला असता तर वाचला असता. मी नालायक, माझ्यामुळं घर बुडालं.’ यावर थेरपिस्टबाईंनी ‘तसं नाही हो’ असं एकदाही म्हटलं नाही. वहीत रकाने आखायला लावले : प्रसंग, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा. बाजूच्या रकान्यात मामांनी लिहिलं, शेजारी हाका मारत होता, मी उठलो नाही. ते कुणी खोडायला लावलं नाही, आजही तसंच आहे. विरुद्धचा रकाना दोन आठवडे कोरा होता. मग एक ओळ आली : पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. आणि त्याखाली : माळ्यावरचा गाळ मीच काढला.

म्हणजे माळाही बुडाला होता! माल वर टाकला असता तरी गेला असता. आता सांगा, खोटी गोष्ट कुठली? बाईंनी दिलेली, की मामा इतकी वर्षं स्वतःला सांगत होते ती?

‘आईबापाला दोष द्यायला शिकवतात.’ अहो, ही पद्धत घडवणारे अ‍ॅरन बेक मुळात मनोविश्लेषण, म्हणजे बालपण उकरून बघणारी पद्धत, शिकलेले. १९६० च्या दशकात ते सोडून रुग्णाच्या आत्ताच्या विचारांकडे वळले. पुढचा मुद्दा.

‘थेरपी सुटली की ये रे माझ्या मागल्या.’ आणि लगेच, ‘गोळ्या, थेरपी आजच बंद करा.’ इथं माझं डोकं फिरलं. २००५ मध्ये अमेरिकेत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांनी थेरपीवाले आणि गोळ्यावाले, दोन्हीकडे ५८ टक्के लोकांना गुण आला. गुण आलेल्यांवर पुढं वर्षभर लक्ष ठेवलं. थेरपी संपवलेल्यांपैकी ३१ टक्क्यांचा आजार उलटला, गोळ्या थांबवलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा. गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत ४७. मनानं गोळ्या सोडा म्हणणाऱ्या फॉरवर्डवाल्यानं तो ७६ चा आकडा परत वाचावा.

‘रंकाळ्याला चार फेऱ्या मारा, फुकटात बरे व्हाल.’ मारा की! सीबीटीतला ‘बी’ म्हणजे वर्तनच. बाईंनी मामांना पहिल्याच आठवड्यात संध्याकाळची फेरी लावून दिली होती. पण पाढा डोक्यात चालू ठेवून फेऱ्या मारल्या, तर पाढाच पाठ होतो.

‘कुणीही बोर्ड लावून बसतो.’ हे मात्र, नाइलाजानं, मान्य. त्याच अभ्यासात एका केंद्रावर थेरपिस्ट कमी मुरलेले होते, तिथं थेरपी गोळ्यांच्या मागं पडली. तेव्हा शिक्षण, नोंदणी विचारा, बिनधास्त विचारा. फी परवडत नसेल तर १४४१६ वर टेली-मानस आहे, सरकारी आणि मोफत.

येत्या गुरुवारची साडेपाचची वेळ मी घेतलीय. वही दुकानात गल्ल्याशेजारी पडली होती, ती उचलून आणलीय.