‘पाय गेल्यावर माणूस खचणारच’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तुम्ही घरातलं पाहून लिहिता आहात, म्हणून सविस्तर उत्तर देते. मणक्याला मार लागून मज्जारज्जू (मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली जाणारी मज्जातंतूंची दोरी) दुखावला की पुढे नैराश्य का येतं आणि मेंदूत काय बदलतं, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की मेहुणा चिंचेवरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं, घरात कमावता तोच. असा माणूस खचणारच, त्याच्या मेंदूत काय शोधता? आणि उंदरांचे प्रयोग सांगून गरिबाच्या माथी आणखी एक गोळी मारू नका.

तुमच्या त्या ‘खचणारच’शीच माझं भांडण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मज्जारज्जूची इजा झालेल्यांपैकी २० ते ३० टक्के लोकांत नैराश्याची ठळक लक्षणं दिसतात. सर्वसाधारण लोकांपेक्षा हे प्रमाण खूप जास्त आहे, पण याचा अर्थ असाही होतो की बहुतेकांना नैराश्य येत नाही. रडतात, चिडतात, देवाला शिव्या घालतात आणि हळूहळू व्हीलचेअरवरून दुकान चालवायला लागतात. ज्यांना ते येतं त्यांच्याबाबतीत आपण ‘साहजिक आहे’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच उपचाराचं दार बंद होतं. मोडलेला हात साहजिक आहे म्हणून आपण प्लास्टर नाकारत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा-यवतमाळकडच्या गावांत जाते. एका घरी ओसरीतल्या बाजेवर पडून असलेला माणूस पाणी प्यायचा नाही, कारण लघवीची पिशवी बायकोला रिकामी करावी लागे. दर दोन तासांनी कूस बदलायची, तीही बदलेना. माकडहाडावर जखम झाली. घरचे म्हणाले, आळशी झाला. झोप आणि भूक यांवरून मला काही ठरवता येत नव्हतं, कारण या इजेत पायाला येणारे झटके झोप मोडतातच आणि बद्धकोष्ठाने भूक मरतेच. म्हणून नैराश्याची नेहमीची प्रश्नावली इथे जपून वाचावी लागते. मला खटकलं ते वेगळंच. अपघातानंतरही कितीतरी महिने रोज सकाळी मोबाइलवर कापसाचा भाव पाहणारा हा माणूस आता मोबाइल चार्जिंगलाही लावत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "पाय गेले त आता काय रायलं पाहाले!" त्याचे पाय जाऊन वर्ष होत आलं होतं. भाव पाहणं मात्र आत्ता सुटलं होतं. तेव्हा सगळा दोष पायांवर कसा टाकायचा?

आता उंदीर. प्रयोग उंदरांवरचे आहेत हे खरं, आणि ते जसेच्या तसे माणसाला लावू नयेत हेही खरं. पण ते झाले कसे हे पाहा. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात प्राण्यांच्या फक्त पाठीतल्या मज्जारज्जूला इजा केली होती, डोक्याला धक्काही नव्हता. तरी काही आठवड्यांनी मेंदूत दाह, म्हणजे इजेनंतर येते तशी आतली सूज, दिसला. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी, त्या खवळलेल्या होत्या. आठवण आणि भावना यांच्याशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातल्या चेतापेशी कमी झाल्या होत्या. उंदीर पळू शकत नाही म्हणून तो उदास वाटतो, अशी शंका तुम्ही घेतली आहे. ती रास्त आहे, आणि म्हणूनच एक चाचणी अशी होती जिला पाय फारसे लागत नाहीत. साधं पाणी आणि गोड पाणी शेजारी ठेवायचं. निरोगी उंदीर गोडाकडे वळतो, या उंदरांची गोडाची ओढच कमी झाली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात इजा झालेल्या उंदरांपैकी साधारण एक तृतीयांशच उदास झाले, बाकीचे नाहीत. उंदराला कर्जही नसतं आणि पोरीचं लग्नही करायचं नसतं.

माणसात कर्ज असतं, हा तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. उत्पन्न बंद होणं, संडासला दुसऱ्याने उचलून न्यावं लागणं, आल्यागेल्याने तोंडावर ‘बिचारा’ म्हणणं, यानेही माणूस आतून पोखरला जातो. पण दाह आणि दारिद्र्य यांतलं एकच निवडा, असं कुठे आहे? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलणं सुरू केलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथली गरिबी काही दीड वर्षात हटली नव्हती.

गोळीबद्दल तुमची शंका अगदीच अनाठायी नाही. मज्जारज्जूची इजा आणि नैराश्य दोन्ही असलेल्यांवर व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या गोळीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. एका मोजपट्टीवर फायदा दिसला, दुसऱ्या मोठ्या मोजपट्टीवर ठोस फरक दिसला नाही. म्हणजे गोळी हा जादूटोणा नाही. बोलून केलेले उपचार, वेदनेवर औषध, व्यायाम आणि हाताला काहीतरी काम, हे सगळं सोबत लागतं.

मेहुण्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. तिथे लघवीची नळी, बद्धकोष्ठ आणि पायाचे झटके यांबद्दल आधी सांगा, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, काहींनी झटके वाढतात. झाडावरून पडले आहेत, तेव्हा डोक्याला मार लागला होता का, हेही विचारून घ्या. मणक्याच्या गडबडीत डोक्याची इजा बऱ्याचदा निसटते आणि मग ‘सांगितलेलं विसरतो, हट्टी झाला’ असं घरचे म्हणत राहतात. जाणं लगेच जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झालंय असं ते बोलले तर नुसतं समजावत बसू नका, त्याच दिवशी फोन लावा आणि त्यांना एकटं ठेवू नका. आणि फवारणीचं औषध घरात असेल तर आजच दुसऱ्याकडे ठेवायला द्या. बहिणीला एवढं सांगाच.