त्रिकोण, गोल, चौकोन

आमच्या टॅबला मागे जाता येईनासं झालं तो दिवस संकष्टीचा होता. आई ओट्याशी मोदकाची उकड काढत होती आणि तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या टॅबवर महाराजांचं कीर्तन रंगात आलं होतं. डब्याचं झाकण सरकलं, टॅब घसरला आणि खालच्या कडेवर आपटला. महाराज थांबले नाहीत. काचेला चराही गेला नाही. त्यामुळे घरात कोणी कोणाला काही बोललं नाही, आणि आमच्या घरात ही गोष्ट पंचांगात नोंदवावी अशी असते.

कीर्तन संपल्यावर आईने बाहेर पडायला खालचा त्रिकोण दाबला. काही नाही. गोल दाबला, काही नाही. चौकोन ती कधीच दाबत नाही, कारण तो दाबला की मागच्या आठवड्यात उघडलेलं सगळं पुढ्यात येतं आणि त्यात माझ्या वहिनीचे फोटो असतात. पण त्या दिवशी तिने तोही दाबला. चौकोनही ढिम्म.

मी बँकेत कॅशियर. आमची बँक सहकारी आणि लहान, त्यामुळे प्रिंटर अडकला तरी मलाच हाक, आणि या एवढ्या शिदोरीवर घरात मी तंत्रज्ञ ठरलो आहे. मी टॅब हातात घेतला, तोंडाने फुंकर मारली (का, ते विचारू नका) आणि निदान केलं. काचेखाली डोळ्याला न दिसणाऱ्या तारांची जाळी असते, बोट कुठे टेकलं ते तिला कळतं. त्या जाळीच्या तळाच्या काही ओळी गेल्या की तेवढाच पट्टा बहिरा होतो. चित्र दिसतं, बोट कळत नाही. आमचा बहिरा पट्टा करंगळीएवढा रुंद होता आणि नेमका त्याच पट्ट्यात त्रिकोण, गोल, चौकोन राहायला होते.

पूर्वी असं नव्हतं. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हा त्याला ‘मागे’ आणि ‘घर’ ही खरीखुरी, बोटाला लागणारी बटणं होती. २०११ मध्ये टॅबसाठी म्हणून अँड्रॉइड ३.० आलं आणि ती बटणं उचलून काचेवर काढली गेली. २०१४ साली पाचव्या आवृत्तीत त्यांचे त्रिकोण, गोल, चौकोन झाले. हे सगळं दिसायला छान. पण काचेवरचं बटण म्हणजे भिंतीवर रंगवलेलं दार. भिंत धड असेपर्यंतच त्यातून बाहेर पडता येतं.

तर आता आई कुठल्याही ॲपमध्ये शिरू शकत होती, पण बाहेर येऊ शकत नव्हती. एका कीर्तनकारांकडून दुसऱ्या कीर्तनकारांकडे जायचं तर टॅब बंद करून चालू करावा लागे. एक दुपार ती पंचांगाच्या ॲपमधल्या गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत अडकली होती. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तिला ते तेल पाठ झालं होतं, आणि थोडंसं पटलंही होतं.

मोबाइल दुरुस्तीवाल्या मुलाने टॅब उलटासुलटा करून सांगितलं, “काका, पूर्ण काच बदलावी लागेल. साडेचार हजार. त्यापेक्षा नवीन घ्या.” नवीन घ्या हे वाक्य माझ्या कानात शिरतच नाही. तिथेही एक पट्टा बहिरा आहे.

बायको म्हणाली, “अहो, माझ्या फोनमध्ये ‘मागे’ उजवीकडे आहे, तुमच्यात डावीकडे. ते बदलता येतं ना? मग टॅबमध्येही बदला.” बदलता येतं हे खरं. बऱ्याच यंत्रांत बटणांचा क्रम उलटा करायची सोय असते. पण नळाला पाणीच नसेल तर नळ डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीवर नेऊन काय होणार? हे मी तिला म्हणालो. म्हणायला नको होतं.

मग मला सुचलं की टॅबच उलटा धरावा. वरचं टोक खाली केलं की अख्खं चित्र फिरतं, बटणं शाबूत काचेवर येतात आणि बहिरा पट्टा डोक्यावर जातो. दहा मिनिटं मी घरातला शास्त्रज्ञ होतो. मग आईला काहीतरी शोधायचं होतं, आणि शोधायची जागा सगळ्या ॲपमध्ये वरच्या अंगाला असते. ती गेली बहिऱ्या पट्ट्यात. रात्री अमेरिकेतून भावाचा व्हिडिओ कॉल आला. टॅब उलटा, म्हणजे कॅमेरा खाली. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, मला फक्त तुझं नाक दिसतंय. तू बरी आहेस ना?” आईने त्याला बरं वाटावं म्हणून आणखी पुढे वाकून पाहिलं.

पुढचा उपाय बोटं ओढण्याचा. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, बटणं काढून टाकून नुसत्या खुणांवर चालायची सोय आहे. कडेवरून आत बोट ओढलं की मागे, तळापासून वर ओढलं की घर. आमचा तळ मेलेला, तरी कडा जिवंत होत्या. मागे मागे जात राहिलं की माणूस कधीतरी घरी पोचतोच. मी सेटिंग केलं आणि आईला शिकवलं. आई ज्ञानेश्वरी वाचते टॅबवर, अक्षर मोठं करता येतं म्हणून. ती पान उलटायला बोट कुठून ओढते? कडेवरून. पोथीचं पान कडेलाच धरतात. बोट ओढलं की ज्ञानेश्वरी बंद. पुन्हा उघडली, ओवी शोधली, पान उलटलं, बंद. बाराव्या अध्यायात तिने पाच वेळा प्रवेश केला. सहाव्या वेळी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी चौथीत गणितात नापास झालो होतो तेव्हा पाहिली होती.

मग ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे दिसायला-ऐकायला किंवा हात चालवायला अडचण असणाऱ्यांसाठीच्या, सोयींतून एक तरंगतं गोल बटण काढलं. ते काचेवर कुठेही ठेवता येतं. दाबलं की छोटी यादी उघडते, तीत सगळं असतं. हे मी आईला न सांगता केलं आणि ऑफिसला गेलो, ही चूक. आईला वाटलं, काचेवर डाग पडलाय. तिने तो पदराने पुसला. डाग सरकून दुसरीकडे गेला. तिने तिथे पुसला. तोवर यादी उघडली होती आणि पदराने काय काय दाबलं गेलं कोण जाणे, संध्याकाळी टॅब अख्ख्या स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवत होता. “बॅटरी एक्केचाळीस टक्के,” असं तो दर थोड्या वेळाने सांगे. आई त्याला “बरं” म्हणे.

आता हा प्रश्न टॅबचा राहिला नव्हता. मी रात्री जेवणानंतर खोलात शिरलो. खोलात शिरायचा दरवाजा सेटिंगच्या तळाशी असतो. ‘बिल्ड नंबर’ नावाची ओळ सात वेळा दाबायची. वटसावित्रीच्या फेऱ्या मोजाव्यात तशा मोजून सात टिचक्या मारल्या आणि टॅबने जाहीर केलं की तुम्ही आता डेव्हलपर आहात. मी ते मोठ्याने वाचलं. बायको भांडी लावता लावता म्हणाली, “मग आधी आपल्या सोसायटीचं बघा. आठ वर्षं लटकलंय.” आईने विचारलं, “बिल्डर म्हणजे आता पैसे मिळणार का भरायचे?”

कॉम्प्युटरला वायरीने जोडून टॅबला हुकूम देता येतात, त्यातल्या ओव्हरस्कॅन नावाच्या एका हुकुमाने अख्खं चित्र तळापासून थोडं वर उचलता येतं. म्हणजे मेलेली पट्टी रिकामी सोडून त्रिकोण-गोल-चौकोन जिवंत काचेवर. आमच्या रोगावर हेच औषध. रात्री साडेअकराला मला हे सापडलं आणि पावणेबाराला कळलं की अँड्रॉइड ११ पासून हे औषध बंद झालंय. आमचा टॅब बारावा.

पण त्या रात्री मला बटणांचं खरं कळलं. बाजूचं आवाज कमी करायचं बटण दाबलं की टॅबला ‘आवाज कमी’ असं काही ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतं ‘११४’. मग आत एक यादी असते, तीत लिहिलेलं असतं की ११४ म्हणजे आवाज कमी, ११५ म्हणजे आवाज जास्त, ११६ म्हणजे पॉवर, १५८ म्हणजे मागे. त्यापुढे अँड्रॉइडची स्वतःची वही वेगळी. तीत ‘घर’ म्हणजे ३, ‘मागे’ म्हणजे ४ आणि आपला ११४ तिथे २५ होतो. पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं एक. माझ्या मावशीला माहेरी बेबी म्हणतात, रेशनकार्डावर सुलोचना आहे आणि सासरी तिला तिसरंच नाव दिलं. तिन्ही नावांना ती ओ देते. (कॉम्प्युटरच्या कीबोर्डावर ‘होम’ लिहिलेलं बटण असतं, त्याचा नंबर १०२. टॅबला जोडून ते दाबलं तर घरी जायला हवं की नाही? जात नाही. ओळीच्या सुरुवातीला जातं. घर म्हणून वेगळाच नंबर आहे, १७२. भाडेकरू आणि मालक यांच्या नावाच्या पाट्या अदलाबदल झाल्यासारखं हे.)

मूळ यादी बदलायला टॅबची कुलपं तोडावी लागतात, तेवढी माझी छाती नव्हती. पण मधल्या मध्ये नंबर पकडून त्याचं दुसरंच काम करणारी ॲप्स मिळतात. आवाज कमीचं बटण एकदा दाबलं तर मागे, दाबून धरलं तर घर. हीच आमची सुटका! फक्त ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी हवी. ती देताना टॅब बजावतो की हे ॲप तुमचा स्क्रीन पाहू शकेल आणि तुमच्या वतीने कृती करू शकेल. काउंटरवर बसून मी रोज पेन्शनरांना हेच सांगतो की असली परवानगी कोणाला देऊ नका, खातं धुऊन जाईल. आणि रात्री एक वाजता मीच अंगठा टेकवत होतो. टॅबवर बँकेचं काही नाही, याची तीनदा खात्री केली.

आईला दोन दिवसांत जमलं. तिसऱ्या दिवशी बटण आपोआप पुन्हा आवाजाचं झालं, कारण बॅटरी वाचवायच्या नादात टॅबने त्या ॲपलाच झोपवलं होतं. मग त्याला बॅटरीच्या नियमांतून सूट दिली. त्यानंतर आठवडाभर घरात शांतता होती.

त्या रविवारी पहाटे मी नेहमीसारखा फिरायला गेलो. परत आलो तर आमच्या मजल्यावर, आमच्या दारात, चपलांचा ढीग. आतून हरिपाठ ऐकू येत होता, जिन्यातच नव्हे, खाली पार्किंगमध्येही. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक टोपी काढून हातात धरून उभे. वरच्या मजल्यावरच्या काकू थर्मासमध्ये चहा घेऊन आलेल्या. माझे पाय जागच्या जागी थिजले. मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “कधी झालं?”

तेवढ्यात आई हातात टॅब घेऊन बाहेर आली आणि त्यांना म्हणाली, “बरं झालं आलात, हे तुम्हाला बंद करता येतंय का बघा.”

झालं होतं असं. पहाटे साडेपाचला आईने हरिपाठ लावला. घरचे उठू नयेत म्हणून आवाज कमी करायला गेली. आवाज कमीचं बटण मी मागे जायला लावलेलं, त्यामुळे ती मागे गेली. व्हिडिओ आक्रसून कोपऱ्यात जाऊन बसला आणि तिथून वाजत राहिला. आईने विचार केला, आणि तो विचार अगदी बिनचूक होता, की खालच्या बटणाचं काम पोराने बदललंय, तर आवाज कमी करायचं काम वरच्या बटणाला दिलं असणार. तिने वरचं दाबलं. कमी होईना म्हणून आणखी दाबलं. मग शेवटपर्यंत दाबलं.

चहा मात्र फुकट गेला नाही. सगळे बसले, काकूंनी थर्मास उघडला, मुख्याध्यापकांनी टोपी घातली आणि आईने सगळ्यांना गुडघ्याच्या तेलाबद्दल सांगितलं.

दुपारी बंगळूरहून लेकीचा फोन आला. बायकोने तिला साग्रसंगीत सगळं ऐकवलं. हसून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, माऊस लावून बघितला का?”

माऊस! दुरुस्तीवाल्याकडून माऊस टॅबला जोडायची छोटी ओटीजीची पिन आणली, बँकेतला जुना माऊस लावला, आणि काचेवर बाण उमटला. बाण बोट नाही, त्याला जाळीशी काही घेणंदेणं नाही. तो सरळ बहिऱ्या पट्ट्यात उतरला, मी त्रिकोणावर टिचकी मारली आणि टॅब मागे गेला. खर्च दीडशे रुपये. महिनाभर मी ११४ आणि १५८ घोकत होतो.

पहाटे असा आवाज पुन्हा होणार नाही, असा मुख्याध्यापकांना चहा पिताना शब्द दिला होता, म्हणून त्याच संध्याकाळी बटणांचं काम बदलणारं ते ॲप काढून टाकलं. आवाजाची बटणं आवाजाला परत दिली, तरंगता गोल मिटवला. आईला पाट मांडून दिला, त्यावर टॅब, शेजारी माऊस. पहिले दोन दिवस माऊस पाटावरून खाली पडायचा. तिसऱ्या दिवशी ती तो कुशलतेने फिरवू लागली असं मला वाटलं, आणि मी बँकेत गेलो.

अकरा वाजता काउंटरवर रांग असताना आईचा फोन.

“अरे, टॅब पुन्हा बिघडला.”

“काय झालं?”

“मागे जायला बाजूचं बटण दाबलं, तर महाराज गप्पच झाले.”

“आई, ते बटण आता आवाजाचं आहे. मागे जायला माऊस घे ना.”

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग आई म्हणाली, “ते उंदराचं राहू दे. माझं बटण मला परत लावून दे.”

मी रांगेकडे पाहिलं आणि म्हणालो, “संध्याकाळी आल्यावर लावतो.”