मनीबाईंची गोधडी

वाळूचा ट्रे रोज साफ करावा, त्यासाठी घरातला शांत कोपरा निवडावा, तरीही आमच्या मनीबाईंनी तो हुंगून, पंजाने थोडी वाळू उकरून, ऐटीत पलंगावर चढावे आणि नुकत्याच धुतलेल्या गोधडीवर लघवी करावी, याचा आता मनस्वी संताप येतो. पशुवैद्यांच्या तपासणीत संसर्ग नाही, खडेही नाहीत. म्हणजे उरतो मानसिक ताण, आणि तो देणारा बहुधा खिडकीत ठाण मांडणारा शेजारचा बोका! त्यात ‘फिनाईलने पुसा’ असा फुकटचा सल्ला देणाऱ्यांना, फिनाईल मांजरांना विषारी असते आणि लघवीतील युरिक आम्लाचे स्फटिक साध्या धुण्याने निघत नसल्यामुळे दमट हवेत वास पुन्हा उठतो, हे किती वेळा समजवावे? त्यावर चालते ते एन्झाइमचे द्रावण. तेही महाग, आणि त्यात भिजवलेली गोधडी ऐन आषाढात वाळता वाळत नाही.