‘घरीच असते’मधला च

जूनमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याचा फोटो आला. पहिलीचा पहिला दिवस, केस तेल लावून चापून बसवलेले, पाठीवर त्याच्याएवढंच दप्तर. खाली अंगठे, हार, आशीर्वाद. त्यात मिरजेच्या आत्यानं लिहिलं, ‘चला, सूनबाई मोकळी झाली!’ त्यावर एका चुलतभावानं विचारलं, ‘मग आता दिवसभर करणार काय?’ आणि ग्रुप पेटला. एक बाजू म्हणे, बी.कॉम. झालीय, टॅली येतं, नोकरी धरावी. दुसरी म्हणे, घरात दोन म्हातारी माणसं आहेत, नोकरी कशाला हवीय. कुणीतरी लाडक्या बहिणीचे पंधराशे मध्ये ओढले, कुणी ‘गृहिणीला पगार द्यावा का’ हा वाद काढला. वहिनी त्याच ग्रुपवर आहे. ती काही बोलली नाही. मीही गप्प बसलो, पण माझी अडचण निराळी होती. तो प्रश्न मलाही लागू होता.

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो आणि घरी असतो. बायको मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. लेक झाली तेव्हा पहिलं वर्ष ती रजेवर होती, पुढं घर माझ्याकडं आलं. कुपवाडच्या एमआयडीसीत फौंड्रीत काढलेली वर्षं इथं फारशी कामाला आली नाहीत. जर्मन येईपर्यंत काम मिळेना, आणि जर्मन यायला लागली तोवर पोरगी चालायला लागली होती. सांगलीत हे कुणाला फोड करून सांगितलेलं नाही. विचारलंच कुणी तर आई ‘तिकडं असतो’ एवढंच सांगते. त्यात खोटं काहीच नाही.

लेक आता दुसरीत आहे. तिची शाळा पावणेआठला भरते आणि सव्वाबाराला सुटते. इथली पोरं शाळेला आपली आपण चालत जातात, आईबापांनी गाडीतून सोडलेलं शाळेला आवडत नाही. म्हणजे साडेसातला दार लागलं की मी मोकळा, आणि साडेबाराला टेबलावर ताट हवं. या मधल्या वेळात नोकरी बसत नाही. शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या केंद्रात आम्हाला जागा मिळाली नाही. ऑगस्ट २०२६ पासून प्राथमिकच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळणार आहे, पण तो पहिलीपासून वर्षावर्षानं चढत जाणार. माझी लेक त्याच्या पुढं निघून गेलेली असेल. इतका श्रीमंत देश, पण त्याची शाळा आजवर आईला घरी धरून चालत आलीय, दोन्ही अर्थांनी.

एक सूट मात्र इथं आहे, तीही स्वयंपाकघरात. संध्याकाळी बऱ्याच घरांत चूल पेटत नाही. पाव, चीज, काकडी, लोणच्यातल्या मिरच्या, की झालं जेवण. त्याला नावच ‘आबेंडब्रोट’, संध्याकाळचा पाव. बाईचा वेळ वाचवायला यंत्रं किती निघाली हे आपण मोजतो. गरम चपातीचा हट्ट सोडला तर किती वाचेल, हे कुणी मोजत नाही. (मीही सोडलेला नाही. लाटतो मीच, म्हणून बोलायचा हक्क आहे.)

आणि एक गंमत. श्टुटगार्टकडं इमारतीचा जिना झाडायची पाळी असते, तिला ‘केऱवोखं’ म्हणतात. केराचा आठवडा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शब्द मराठीच वाटला. पाळी आली की दाराला एक पाटी लटकते. झाडून पुसून झालं की आपणच ती शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. आमच्या खालचे आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, ते पाटी आली की इस्त्रीची पँट घालून जिना पुसतात. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात अशी पाटी असती तर चाळीस वर्षं आईच्या दारावर लटकली असती, आणि मग कुणी न सांगता वहिनीच्या.

पण म्हणून इकडं सगळं आलबेल आहे असं समजू नका. मुलीच्या वर्गाच्या पहिल्या पालकसभेत सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. मी म्हणालो, मी घर बघतो. चार बायका एका सुरात म्हणाल्या, ‘टोल!’, म्हणजे फारच छान. माझ्या शेजारची बाई तीन पोरं सांभाळते, तिची पाळी आली. ती खाली बघत म्हणाली, ‘मी नूर हाउसफ्राउ.’ हाउसफ्राउ म्हणजे गृहिणी, नूर म्हणजे फक्त, नुसती. तिला कुणी ‘टोल’ म्हणालं नाही. जे काम केल्याबद्दल मला टाळ्या पडल्या, तेच सांगताना तिला शरमल्यासारखं झालं. तेव्हा डोक्यात आलं, हा तर आपलाच च आहे. ‘घरीच असते’मधला. पुरुष ‘नोकरीला असतो’, त्याला च लागत नाही.

नोव्हेंबरात आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी एकटाच सांगलीला गेलो. इथं शाळा बुडवून पोरीला नेलं तर दंड भरावा लागतो. तीन आठवडे राहिलो, आणि कळत्या वयात पहिल्यांदाच आमचं घर सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात पाहिलं. रविवारचं घर पाहिलं होतं. ते वेगळं, ते पुरुषांसाठी मांडलेलं असतं.

पुतणी सातवीत. तिची व्हॅन पावणेसातला येते. पुतण्या साडेनऊला जातो, कारण चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सरकारनं २०२४ मध्ये शाळांना सांगितलं. पोरांची झोप व्हावी म्हणून काढलेला आदेश, चांगलाच आहे. पण घरात दोन वयांची पोरं असली की सकाळ दोनदा उजाडते. दोनदा डबा, दोनदा ‘पाण्याची बाटली कुठाय’, दोनदा गेटपर्यंत. पुतणी पाऊणला परत येते. मधले सव्वातीन तास. आत्या ज्याला मोकळी म्हणाली ते एवढंच.

एका मंगळवारी मी नुसता बघत बसलो. पावणेदहाला वहिनीनं चहा गाळला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. खालून गॅसवाल्यानं हाक मारली. खाली जाऊन सिलिंडरचं वजन करायला लावलं, ओटीपी सांगितला. वर आली तर आप्पांच्या थेंबांची वेळ झाली होती. दोन बाटल्या, दोन्हींमध्ये पाच मिनिटांचं अंतर. ती पाच मिनिटं तिनं बाटली हातात धरून उभ्यानं काढली. मग दादाचा फोन: ‘कपाटात वरच्या खणात गाडीच्या विम्याचा कागद आहे, फोटो काढून पाठव.’ वरच्या खणात नव्हता. शाळेच्या ग्रुपवर मेसेज: उद्या पाच कडधान्यं चिकटवलेला तक्ता आणावा. शेजारच्या काकू किल्ली ठेवायला आल्या, ‘तू काय, असतेसच घरी.’ अकराला मिरजेची आत्या, ‘इकडं आलेच होते म्हणून डोकावले.’ तिच्यासाठी दुसरा चहा झाला. साडेबाराला वहिनीनं कणीक मळायला घेतली. मी विचारलं, ‘तुझा चहा?’

‘झाला की मगाशी.’

तो ओट्यावर साय धरून बसला होता.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लोक दिवसभराचा वेळ कुठं घालवतात याची पाहणी केली होती. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे खाने. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषांची ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळातच शंभरात २६ निघाले. जर्मनीतही बिनपगारी कामाचे आठवड्याला बायकांचे सुमारे ३० तास आणि पुरुषांचे सुमारे २१ भरतात, तेव्हा इथला नवरा फार थोर असतो असं नाही. पण मला त्या अर्ध्या तासाच्या खान्याचं कोडं सुटत नाही. वहिनीचा तो मंगळवार त्यात बसवायचा कसा? गॅसवाल्याची वाट पाहणं कुठल्या कामात मोडतं? पोरं शाळेत गेल्यावर तिचं मुख्य काम ओ देणं हे आहे. हाक कुठूनही, कधीही येईल, आणि ओ द्यायला माणूस घरात असेल, या भरवशावर सहा माणसांचं घर चाललंय. माझं इथं तसं नाही. मला हाक मारायला सासू नाही, आत्या नाही, काकूंची किल्ली नाही. माझे चार तास शाळेनं चिरलेले आहेत, पण चिरून झाल्यावर तुकडे माझे असतात. शिवाय ‘आज मी अभ्यासाला बसतोय’ म्हटलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. यात जर्मनीचा वाटा किती आणि मी पुरुष असण्याचा किती, याचा हिशेब मी अजून मांडतोय. दुसरा वाटा मोठा असावा. मी सांगलीत होतो तेव्हा बायकोनं घरून काम करत सगळं बघितलं. आठवडाभरानं तिचा फोन: ‘साडेबारा इतक्या लवकर कसे वाजतात रे?’

आता पगाराचं. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये अपघात भरपाईच्या एका निकालात २००१ च्या जनगणनेवर कोरडे ओढले होते, कारण त्यात गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर काम न करणाऱ्यांत बसवलं होतं. निकाल चांगला होता. पण बघा, आपल्याकडं गृहिणीच्या कामाची किंमत बहुतेक वेळा ती अपघातात गेल्यावर कोर्टात ठरते. जिवंतपणी हक्क मिळाल्याची उदाहरणं थोडी. २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टानं एका बाईला तसा दिला. नवरा आखातात कमवत होता, ती इकडं घर बघत होती. तिच्या कष्टांमुळंच तो कमवू शकला, म्हणून त्या कमाईतल्या मालमत्तेत तिचा अर्धा वाटा, असं कोर्टानं म्हटलं. मला हे पटतं. दरमहा पगार पटत नाही. जो पगार देतो तो हिशेब मागतो, आणि ‘दिवसभर करतेस काय’ हा प्रश्न आज टोमणा आहे, उद्या तो मालकाचा अधिकार होईल. लाडक्या बहिणीचे पैसे ज्या घरात जातात तिथं त्यांची गरज आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ते अडीच लाखांच्या आतलं उत्पन्न बघून मिळतात, कामाबद्दल नव्हे.

मग काय हवं? हे मला आप्पांच्या बँकेत सुचलं. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळं दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला असतो. वहिनीच त्यांना नेते, यंदा डोळ्याला काळा चष्मा म्हणून मीही गेलो. फॉर्म भरला, अंगठा लागला, आप्पा आणखी वर्षभर जिवंत ठरले. तिथंच कारकुनानं वहिनीला सांगितलं, तुमच्या खात्याचं केवायसी राहिलंय. व्यवसायाच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, ‘काय करता?’

‘काही नाही, घरीच असते.’

तेव्हा मला माझ्या फडताळातला कागद आठवला. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागं आई किंवा बापाच्या पेन्शन खात्यावर तीन वर्षं जमा धरतात, जणू त्यानं तेवढा काळ देशातल्या सरासरी पगाराची नोकरी केली. २०२५ च्या दरानं तीन वर्षांचे म्हातारपणी महिन्याला सुमारे १२० युरो होतात. दोघांनी वेळेत लिहून दिलं नाही तर वर्षं आईच्या नावावर जातात. आम्ही लिहून दिलं: पहिलं तिचं, पुढची दोन माझी. पाच वर्षं भरल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही, म्हणजे माझी दोन अजून कागदावरच आहेत. आणि शाळेच्या वयातल्या वर्षांना हा पगाराचा भाव नाही, तीही उणीव आहेच. पण त्या कागदावर माझ्या घरी असण्याला तारखा आहेत, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत. त्यात नूर नाही. तिथल्या कायद्यात घर चालवणं हाच जोडीदाराचा संसाराला लागलेला वाटा मानतात, आणि तोही देश १९७७ पर्यंत लग्न झालेल्या बाईला घरचं बघून जमलं तरच नोकरीची मुभा देत होता. म्हणजे कायद्यातला च निघू शकतो. बोलण्यातला अजून त्यांचाही निघालेला नाही.

आमच्या आईची चाळीस वर्षं मोजली जातील, नाही असं नाही. आप्पा गेल्यावर, फॅमिली पेन्शन म्हणून. मग तीही दर नोव्हेंबरला या बाकावर येऊन बसेल. वहिनीला तेवढ्याचाही भरवसा नाही, दादाची नोकरी खासगी.

आप्पांना बँकेत खात्यातले एक जुने सहकारी भेटले. दोघं बाकावर असे बसले की हलेनात. ‘तासाभरानं न्यायला या,’ आप्पा म्हणाले. बाहेर आल्यावर वहिनीनं घड्याळ बघितलं. ‘भावजी, घाटावर जायचं?’

कृष्णेला पाणी बेताचं होतं. समोर आयर्विन पूल, खाली कपडे धुणारी दोन माणसं. वहिनीनं चपला काढून पाय पायरीवर सोडले. भडंगाचा पुडा घेतला होता, तो मध्ये ठेवला. आम्ही काही बोललो नाही. दहा मिनिटं झाली असतील, तिचा फोन वाजला. आई होती. वहिनीनं एक भडंगाचा दाणा दाढेखाली फोडला, सावकाश गिळला आणि म्हणाली,

‘बँकेतच आहे आई. रांग आहे मोठी.’