शिफ्ट कशाला दाबायचं?

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, २००१ चा. आज तो हातात नसला तरी त्यावरचा पोकेमॉन एमरल्ड हा गेम एमुलेटरने, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने, कॉम्प्युटरवर चालतो, आणि चाळीस तासांचा खेळ एका बोटाने घालवणंही सांगलीत बसून सहज जमतं.

कॉम्प्युटर घरचा नको. मार्केट यार्डात, अडत दुकानातल्या ज्या कॉम्प्युटरवर हळदीच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) निघतात तोच धरा. एमुलेटर म्हणजे नुसता रिकामा डबा, गेम त्यात नसतो. स्वतःच्या कॅसेटमधून गेम उतरवून घेणं हा सरळ मार्ग, म्हणून तो सोडा. ज्या पानावर डाउनलोडची तीन हिरवी बटणं असतील, त्यातलं सगळ्यात मोठं दाबा. या कॅसेटी जास्तीत जास्त ३२ मेगाबाइटच्या आणि फाइल डॉट जीबीए. तुमच्याकडे ९० मेगाबाइटची डॉट ईएक्सई येईल, म्हणजे गेम नव्हे, कुठलातरी भलताच प्रोग्रॅम. विंडोज फाइलचं आडनाव झाकून ठेवतं, त्यामुळे शंका यायचं कारण नाही. डबल क्लिक करा. संध्याकाळी पट्ट्या उघडेनात तर वडिलांना सांगा, मघाशी लाइट गेली होती.

चुकून खरी फाइल मिळालीच तर बायोस, म्हणजे मूळ यंत्राच्या आतला प्रोग्रॅम, शोधण्यात रात्र घालवा. एमजीबीए या एमुलेटरला तो लागत नाही, पण म्हणून काय झालं?

चित्र ताणा. मूळ पडदा २४० बाय १६०. चौपट केला की ९६० बाय ६४०, म्हणजे १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरवर अख्खा मावतो आणि ठिपका न् ठिपका चौकोनी राहतो. कडेला मात्र काळी जागा उरते, आणि मॉनिटरचे पैसे तर आपण पूर्ण मोजलेत! प्रमाण राखायची खूण काढून फुलस्क्रीन करा. पिकाचू भरल्या वांग्यासारखा आडवा होईल.

खेळताना शेजारी भडंग हवाच. एमजीबीएत ए बटण म्हणजे एक्सची कळ, बी म्हणजे झेड. तेलकट बोटाने दोन दिवस एक्स बडवा. लसणाची तळलेली पाकळी कळीखाली गेली की प्रत्येक संवाद दोनदा दाबावा लागतो. स्वस्त कीबोर्डात कळांना स्वतंत्र तारा नसतात, आडव्या-उभ्या रांगांत त्या वाटलेल्या असतात. त्यामुळे तीन कळा एकदम दाबल्या की कधीकधी तिसरी पोचतच नाही. दोष एमुलेटरला द्या.

आता सेव्ह. गेम आतून सेव्ह केला की डॉट सॅव्ह फाइल तयार होते, ती गेमच्याच नावाने. म्हणून मध्येच गेमचं नाव बदलून ‘पोकेमॉन नवीन फायनल’ ठेवा. सॅव्ह जुन्याच नावाने बसून राहील आणि मेनूत फक्त न्यू गेम दिसेल. किंवा गेम झिपमधून बाहेर न काढता आतूनच डबल क्लिक करा. तो तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडतो, सॅव्हही तिथेच पडते आणि फोल्डरबरोबर जाते. जुन्या एमुलेटरवर सेव्हचा प्रकार ६४ केबी राहू द्या. एमरल्डला १२८ लागतात, त्यामुळे सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही अशी तक्रार पडद्यावर येते. सेटिंग बदलू नका मर्दा, बस स्टँडजवळच्या दुकानात जाऊन बोर्ड मागा.

एवढं करूनही सॅव्ह वाचली तर गेमच्या आतून सेव्ह करणं बंद करा आणि सगळा भार सेव्ह स्टेटवर टाका, म्हणजे एमुलेटरने त्या क्षणाचा जसाच्या तसा साठवलेला खेळ. तो दुसऱ्या एमुलेटरमध्ये उघडत नाही, ही त्याची पहिली खुबी. दुसरी त्याहून गोड: शिफ्ट दाबून एफ१ केलं की स्टेट साठतो, नुसतं एफ१ केलं की जुना परत येतो. पहिला स्टेट खेळ सुरू होतानाच साठवून ठेवा, पुढे त्याला हात लावू नका. आठ बिल्ले जिंकून, शेवटच्या चौघा बलाढ्य खेळाडूंशी लढायच्या अगदी आधी, डावा हात भडंगात असताना उजव्या हाताने घाईत एफ१ दाबा.

पडद्यावर पुन्हा गेमची सुरुवात: सामानाचा ट्रक हलतोय. दार उघडलं की बाहेर आई उभी असेल, नवं घर दाखवायला.