घोरण्याचा बाऊ? एका प्रतिक्रियेला उत्तर

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली, राग नाही आला खरंच. तुमचं म्हणणं असं की झोपेत घसा बंद होतो तर तो घशाचा प्रॉब्लेम, त्यात फुप्फुसं आणि हार्ट कशाला ओढता, आमचे वडील ऐंशीतही घोरतात आणि मस्त आहेत, तुम्ही झोपेत लावायच्या मशीनवाल्यांची जाहिरात करताय.

आधी चूक कबूल. ‘फुप्फुसं खराब होतात’ हे मी फारच ढोबळ लिहिलं. स्लीप अ‍ॅप्नियात (म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा अडकतो त्या आजारात) फुप्फुसं बहुतेकदा ठणठणीत असतात, त्यांच्यापर्यंत हवाच पोचत नाही. ऑक्सिजन पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, प्रेशर वाढतं आणि भार येतो हृदयाच्या उजव्या बाजूवर. बहुतेकांत थोडाच, पण जोडीला बिडी-सिगरेटचा सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा खूप लठ्ठपणा असेल तर पाय सुजेपर्यंत मजल जाते.

आता हार्ट. नाक-तोंड दाबून श्वास आत ओढून बघा (हार्टचा त्रास असेल तर नको हं). छाती आत खेचली जाते ना? झोपेत हेच, दर वेळी निदान 10 सेकंद, आणि सिव्हिअर केसमध्ये श्वास असा अडकणं तासाला 30 च्या वर. त्या ओढीने उजव्या कप्प्यात जादा रक्त येतं, डाव्या बाजूला ओढीविरुद्ध रक्त ढकलावं लागतं, आणि ताणलेला कप्पा एक हार्मोन सोडतो ज्याने लघवी वाढते. मी रात्री तीनदा उठायचो, शुगर, प्रोस्टेट, सगळं तपासलं, आणि बायको सांगत होती की अहो तुमचा श्वास थांबतो, ते कोणी मनावर घेतलं नाही, म्हणजे मीच! बरं, श्वास सुटताना मेंदू दचकतो, बीपी उसळतं, रात्री उतरायला हवं ते उतरतच नाही. तीन-तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

जाहिरातीचं म्हणाल तर तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. 2016 च्या ‘सेव्ह’ अभ्यासात आधीच हार्टचा आजार किंवा स्ट्रोक झालेले 2,700 वर पेशंट होते, भारतातलेही. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) लावून अटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत. आता लोकांनी मशीन लावलं रात्री सरासरी 3.3 तास, ते सोडा, पण ‘मशीन लावा, अटॅक टळेल’ असं मी म्हणणार नाही. दिवसाची पेंग जाते, बीपी थोडं उतरतं, एवढंच.

आणि वडील. घोरणारा प्रत्येक जण अ‍ॅप्नियावाला नसतो, एकसुरी घोरत असतील तर घोरू देत. फक्त आईंना विचारा, आवाज मधेच एकदम बंद पडून मग गचका देऊन सुरू होतो का. ते त्यांनाच माहीत असणार.